पोटमाळ्यावर सापडलेला डायलचा काळा फोन: त्याचं वय कसं ओळखायचं आणि तो पुन्हा वाजेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर एक काळा, जड, डायलचा फोन सापडला. आजोबांची गुळाची पेढी होती, फोन तिथलाच. घरात सगळे म्हणतात की तो इंग्रजांच्या वेळचा, १९२० च्या आसपासचा आहे. तो खरंच तेवढा जुना आहे का, घासूनपुसून चकचकीत करावा का, आज लावला तर वाजेल का, आणि भंगारवाला पाचशे रुपये देतोय ते घ्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: देऊ नका. आणि दुसरी विनंती, आज त्याला ओलं फडकंसुद्धा लावू नका. फोन सापडला की माणूस पहिल्याच दिवशी ब्रासो, म्हणजे धातूचं पॉलिश, घेऊन बसतो आणि फोनच्या वयाचे निम्मे पुरावे स्वतःच्या हातानं पुसून टाकतो. मी सांगलीत टेलिफोनच्या दुरुस्तीत उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्तीनंतर जुने फोन जमवणं आणि चालू करणं हाच माझा दिवस. इतके फोन उघडल्यावर माझा एकच नियम ठरलाय: फोन आधी वाचायचा, मग पुसायचा.

१९२० चं आधी बघू. फोन दोन्ही हातांत धरा आणि अलगद हलवा. पोटातून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, तर बेल त्याच्या आतच आहे. मग तो १९२० चा नाही. त्या काळातला ब्रिटिश टेबल फोन म्हणजे कॅन्डलस्टिक. समईसारखा उभा खांब, वर बोलायचं तोंड, बाजूच्या आकड्याला टांगलेला कानाला लावायचा भाग. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा (तिकडं फोन पोस्टाकडं असत) डायलवाला कॅन्डलस्टिक, नंबर १५०, हा १९२४ चा. त्याची बेल भिंतीवरच्या वेगळ्या पेटीत असायची. १९२९ मध्ये १६२ नंबरचा फोन आला. बुटका, पिरॅमिडसारखा, वर आडवा रिसीव्हर, पण बेल अजून बाहेरच. बेल पोटात घेतलेला, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जुना फोन म्हणून येतो तो ३३२ नंबर, तो १९३७ चा. त्याचं वळण मूळ ब्रिटिशसुद्धा नाही. नॉर्वेतल्या जीन हायबर्ग या चित्रकारानं एरिक्सनसाठी १९३० च्या सुमारास काढलेल्या आकृतीवरून ते आलं. एका चित्रकारानं काढलेली ती रेषा पुढं कराडच्या गुळाच्या पेढीपर्यंत आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता आपल्याकडचं. १९४८ मध्ये बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, सुरू झाली आणि तिनं तंत्र घेतलं ते लिव्हरपूलच्या कंपनीकडून. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर बेंगळुरूत बनलेल्या फोनचं वळण इंग्रजीच राहिलं. घरातली मंडळी ‘इंग्रजांच्या वेळचा’ म्हणतात ते खोटं बोलत नसतात. रूप इंग्रजी असतं, जन्म आपल्याकडचा असतो. माझ्याकडं येणाऱ्या दहा काळ्या फोनांतले बहुतेक असेच निघतात. बेंगळुरूचा निघाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नव्या देशानं स्वतः केलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक आहे, आणि माझ्या कपाटात मी असे फोन वरच्या फळीवर ठेवतो.

अजून एक खूण तुमच्या गावातच मिळेल. डायलचा उपयोग कधी? एक्स्चेंज ऑटोमॅटिक असेल, म्हणजे ऑपरेटरशिवाय यंत्रच नंबर जोडत असेल तेव्हा. हिंदुस्थानात पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये बसलं, पण आपल्याकडच्या लहान गावांत त्यानंतर कैक वर्षं बोर्डावर ऑपरेटर बसलेला असायचा. रिसीव्हर उचलला की तोच ‘नंबर प्लीज’ म्हणायचा. अशा गावातल्या फोनवर डायलच्या जागी नुसती कोरी चकती असे. त्यामुळे तुमच्याकडं एक्स्चेंज ऑटोमॅटिक कधी झालं, हे पेठेतल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला विचारा. पेढीवरचा डायलचा फोन त्या सालाच्या फार आधीचा असणं कठीण. कोरी चकती काढून डायल नंतर बसवलेला असेल, तर चकतीच्या कडेचा जुना वण डायलच्या कड्याभोवती दिसतो.

आता उघडायचा. तळाचे स्क्रू सैल करा. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच घ्या. खाच एकदा फाटली की ती कायमची. निघालेला प्रत्येक स्क्रू आणि वायसर इडलीपात्राच्या एकेका खळग्यात, काढलेल्या क्रमानं ठेवा. मी गेली कितीतरी वर्षं हेच करतो, घरी एक जुनं इडलीपात्र त्यासाठीच वेगळं काढलंय. एकही वायर सोडवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. बऱ्याच फोनांच्या तळपत्र्यावर आतून वायरिंगची आकृती चिकटवलेली असते. कागद कितीही मळका असला तरी ओढू नका आणि पुसू नका.

मग खुणा शोधा. रिसीव्हरच्या दांड्याची आतली बाजू, डायलची पाठ, बेलचा पत्रा, कॉइल. ब्रिटिश मालावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडी साल असतं. एस म्हणजे सीमेन्स ब्रदर्स, जी म्हणजे जीईसी (जनरल इलेक्ट्रिक कंपनी), ई म्हणजे एरिक्सन, टी म्हणजे टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. रिसीव्हरवर १६४ दिसला तर ते साल नव्हे, तो रिसीव्हरचा नमुना नंबर आहे. १६४ बघून ‘१९६४ चा’ म्हणून विकलेले फोन मी पाहिलेत. एफडब्ल्यूआर अशी तीन अक्षरं आणि पुढं साल असेल, तर ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या कारखान्यात त्या साली तो उलगडून नव्यासारखा केला होता, असा अर्थ. त्याचा जन्म त्याहून जुना असतो. आपल्याकडच्या फोनवर आयटीआयचं नाव किंवा पी अँड टी (पोस्ट्स अँड टेलिग्राफ्स, डाक आणि तार) ही अक्षरं सापडतील. हे डाक आणि तार खातं १९८५ मध्ये दोन खात्यांत विभागलं गेलं, म्हणजे पी अँड टीचा शिक्का असलेला भाग त्याआधीचा.

इथं नवे संग्राहक गोंधळतात. अंगावर एक साल, डायलवर दुसरं, रिसीव्हरवर तिसरं, मग फोन खोटा का? नाही. फोन खात्याचा होता, ग्राहक भाडं भरायचा. डायल अडकली तर आम्ही दुकानात बसून ती दुरुस्त करत नव्हतो, पिशवीतली दुसरी काढून बसवायचो आणि बिघडलेली परत न्यायचो. माझ्याकडं एक फोन आहे, त्याचं अंग बेंगळुरूचं, डायल सीमेन्सची आणि रिसीव्हर तिसऱ्याच फोनचा. त्याला मी हात लावलेला नाही. तो कारखान्यातून निघाला तसा राहिलेला नाही, पण वापरात राहिला तसा आहे. कॅटलॉगसारखा एकजात फोन करायच्या नादात असे सुटे भाग बदलून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

भाड्याच्या पद्धतीमुळेच हे फोन घरांत कमी उरले. कनेक्शन बंद केलं की फोन खात्यात जमा. जे आज बाजारात येतात ते बरेचसे साखर कारखान्यांच्या, गिरण्यांच्या, रेल्वेच्या अंतर्गत एक्स्चेंजवरचे, नाहीतर भंगाराच्या लिलावातून आलेले. आमच्या भागात कारखान्यांचं भंगार निघतं तेव्हा मी आवर्जून जातो. पेढीवरचा, एकाच घरात राहिलेला फोन हाती लागणं त्यामानानं दुर्मीळ, म्हणून तुम्हाला देऊ नका म्हटलं.

परदेशी फोन ओळखायला डायलचे आकडे पुरतात. पहिल्या भोकात १ च्या जागी ० असेल तर तो स्वीडनचा. आकडे उलटे, ९ पासून उतरत गेलेले असतील तर न्यूझीलंडचा, किंवा नॉर्वेत ऑस्लोचा. आकड्यांबरोबर अक्षरं असतील आणि शून्यावर ओ, क्यू दिसले तर ब्रिटिश किंवा फ्रेंच. अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनांत (३०२ नंबर १९३७ चा, ५०० नंबर १९४९-५० चा) जवळजवळ प्रत्येक भागावर तारीख छापलेली सापडते. त्यांच्या बाबतीत वय काढणं सगळ्यांत सोपं.

नकली फोनांबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवणूक इथंच होते. महाबळेश्वर-पाचगणीला फिरायला गेलेली मंडळी पितळी, चमचमणारा, लाकडी बुडाचा ‘व्हिक्टोरियन’ फोन घेऊन येतात आणि मला दाखवतात. शोभेची वस्तू म्हणून ठीक, पण जुनी नाही. खरा कॅन्डलस्टिक सोन्यासारखा चमकत नव्हता. त्याच्या पितळेवर काळा थर किंवा निकेलचं पाणी असायचं. उचलून बघा, बुडात बेल आहे का? खऱ्यात नसते, ती वेगळ्या पेटीत. डायलच्या भोकांतले आकडे दाबले जातात का? जात असतील तर ती बटणं आहेत. तळाला चौफुलीच्या खाचेचे स्क्रू आणि आत हिरवी सर्किटची पट्टी दिसली की विषय संपला. काळ्या फोनांत दुसरी लबाडी चालते, मळकं बॅकेलाइट बूट पॉलिशनं किंवा खोबरेल तेलानं चमकवलेलं असतं. पांढरा रुमाल घासा. रुमाल काळा झाला तर पॉलिश, तपकिरी झाला तर बॅकेलाइट. स्प्रेचा काळा रंग मारलेला फोन मात्र मी फुकटसुद्धा घेत नाही. भोकांच्या कडा, अक्षरं, सगळं त्याखाली बुजलेलं असतं.

बॅकेलाइट म्हणजे काय हे कळलं की साफ कसं करायचं ते आपोआप कळतं. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते केलं. एकदा साच्यात शिजलं की पुन्हा वितळत नाही. त्यात भर म्हणून लाकडाचा भुसा असतो. वरचा थर राळेचा, गुळगुळीत. उन्हानं आणि दमटपणानं तो थर झिजला की भुसा उघडा पडतो आणि फोन तपकिरी, राखट दिसायला लागतो. अंगठ्यानं एका जागी जोरात, ऊब येईपर्यंत घासा आणि नाक जवळ न्या. कार्बोलिक साबणासारखा वास आला की ते बॅकेलाइट. पांढरे, लाल, हिरवे फोन बॅकेलाइटचे नसतात. ब्रिटिश ३०० मालिकेतले (३३२ त्यातलाच) रंगीत फोन अ‍ॅक्रिलिकचे आहेत.

काळ्या अंगावर आधी कोरडा ब्रश फिरवायचा. मग कोमट पाण्यात सौम्य साबण, पिळलेलं फडकं, लगेच कोरडं करायचं. बुडवून ठेवायचा नाही, भुसा पाणी पितो. त्यानंतर ब्रासो अगदी थोडा, मऊ सुती कापडावर, आणि तोही एका बाजूला रुपयाएवढ्या जागेवर करून बघायचा. कापड तपकिरी होत जातं तो मळ नाही, ते बॅकेलाइटच आहे, तुम्ही फोन उगाळताय. म्हणून अक्षरांवर, शिक्क्यांवर, कडांवर ब्रासो नेऊ नका. शेवटी गाडीच्या मेणाचा एक हात. नव्यासारखा काळा झाला नाही तरी चालेल. चिरा असतील तर अ‍ॅराल्डाइटमध्ये थोडी काजळी कालवून भरा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी एक दिवस आवळून ठेवा. फेव्हिक्विक नको, ते ठिसूळ होतं आणि भोवती पांढरी वाफ धरतं.

पाण्याबद्दल मी एवढं का सांगतोय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. पाणी ओसरल्यावर हरिपूरकडच्या एका ओळखीच्या हळद व्यापाऱ्यानं पेढीवरचा फोन पिशवीतून आणला. आठवडाभर पाण्याखाली होता. अंगावर मऊ गाळाचा थर, आणि डायलच्या भोकांत तोच गाळ विटेसारखा वाळलेला. त्यांनी आणण्याआधी डायल फिरवून बघितली होती, एकदाच. तेवढ्यानं गाळाचे कण गव्हर्नरच्या, म्हणजे डायलचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या, बारीक दात्यांत गेले होते. मी ती डायल पूर्ण सोडवून, रंगकामाच्या बारीक ब्रशनं दात्यादात्यातून गाळ काढला, तीन दिवस लागले. अंग सावलीत पंख्याखाली वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर वरचा थर आणखी झिजला असता. फोन वाजला, पण पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंत अंगावर राखट पट्टा राहिला. मी तो घासून काढू का विचारलं, तर ते म्हणाले, राहू दे, पुराची रेघ आहे ती. पुढं कधी फोन पुरात भिजला तर ध्यानात ठेवा, डायल फिरवायची नाही. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा, आणि मग सावली.

आता डायल. फोनचा जीव तिथं आहे. तुम्ही बोट घालून फिरवता तेव्हा काहीच जात नाही, स्प्रिंग फक्त भरते. सोडल्यावर डायल परत येताना जोडणी तुटते, जुळते, तुटते, जुळते. १ ला एकदा, ५ ला पाचदा, ० ला दहादा. हा वेग सेकंदाला दहा. तुटलेला वेळ जुळलेल्या वेळेच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६७ आणि ३३ मिलिसेकंद. एवढा नेम सांभाळतो तो आतला छोटा गव्हर्नर, फिरताना दोन पंख फाकून पेल्याच्या कडेला घासणारा. त्या घासण्याच्या जागी तेल गेलं की सगळा हिशोब बिघडतो. आणि लोक नेमकं तिथंच खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारतात. खोबरेल थंडीत गोठतं, पुढं चिकट होतं. माझ्याकडं आलेल्या अडकलेल्या डायलींचं सगळ्यांत मोठं कारण हेच. चिकट डायल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायची, वाळवायची, आणि घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब आसाच्या टोकांना. पेला कोरडाच ठेवायचा. मग ० फिरवून सोडा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याचा आलेख बघा. दहा टोकं समान अंतरावर आणि साधारण एका सेकंदात बसली पाहिजेत. पूर्वी हे काम कानानं चालायचं.

डायलचं बाहेरचं कडं नीट पाहा. भोकाच्या कडेला किंवा बोट अडतं त्या पट्टीजवळ अर्धगोल चरा दिसेल. तो कुलपाचा. ट्रंक कॉल आणि एसटीडीच्या बिलाच्या धास्तीनं आपल्याकडं डायलला चिमुकलं कुलूप लावत. आणि घरातली पोरं कुलूप न काढता वरचा प्लंजर, म्हणजे रिसीव्हर ठेवल्यावर दबणारं बटण, टपटप दाबून नंबर लावत, कारण एक्स्चेंजला डायल आणि प्लंजर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त तुटणं कळतं. तो चरा पॉलिश करून घालवू नका. तो पेढीचा इतिहास आहे, आणि फोन आपल्याकडंच वापरला गेला याची माझ्या दृष्टीनं पक्की खूण.

वाजेल का? बहुतेक वाजेल. पण लाइनला थेट जोडू नका, आधी कंडेन्सर तपासा. लाइनवर रिसीव्हर ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि घंटीच्या वेळी ७५ व्होल्टच्या जवळपास एसी येतो. बेलच्या कॉइलपुढचा २ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर डीसी अडवतो आणि एसी जाऊ देतो. जुना कागदी कंडेन्सर दमटपणानं गळायला लागला की रिसीव्हर जागेवर असूनही करंट वाहतो, एक्स्चेंजला वाटतं फोन उचललाय, आणि सगळी लाइन मुकी होते. मीटर लावून गळका निघाला तर २५० व्होल्टचा नवा पॉलिस्टर कंडेन्सर घ्या. जुन्याचा पत्र्याचा डबा फेकू नका. नवा इतका लहान असतो की डब्याआड सहज लपतो आणि आतलं रूप तसंच राहतं.

बेल वाजते पण खरखरते, तर दोन वाट्यांतलं अंतर बिघडलंय. वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून जरा सरकवलेलं असतं. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती टोल्याच्या जवळ-लांब होते. टोला वाटीला चाटून परत यायला हवा, टेकून राहता कामा नये. दोन वाट्यांचे सूर वेगळे असतात, अदलाबदल करू नका. बरोबर लागली की जो ‘ट्रिंग-ट्रिंग’ निघतो तो खोलीच्या भिंतींत भरतो.

बोलण्याचा आवाज पलीकडं बारीक जात असेल तर दोष ट्रान्समीटरच्या इनसेटचा, म्हणजे बोलायच्या तोंडातल्या डबीचा. त्यात कोळशाचे बारीक कण असतात. आवाजाच्या दाबानं ते जवळ-लांब होतात आणि करंट बदलतो. ओल धरून ते गोठतात. रिसीव्हर आडवा धरून तळव्यावर हलकेच थोपटा, नाही सुटला तर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात आठवडाभर ठेवा. इनसेट फोडू नका. नवा इलेक्ट्रेट माइक बसवलाच, तर जुना इनसेट पुडीत घालून फोनच्या पोटातच ठेवा, पुढच्या माणसाला सापडेल.

कॉर्डच्या आत नेहमीची तार नसते. दोऱ्याभोवती तांब्याची जरीसारखी पट्टी गुंडाळलेली असते, लवचीकपणासाठी. तिला सोल्डरचा डाग लावायला गेलात तर दोरा जळतो आणि पट्टी हातात येते. टोकाला छोटी पितळी क्लिप दाबून बसवावी लागते. विणलेली सुती कॉर्ड आधीच्या काळातली, प्लास्टिकची गुंडाळी नंतरची. सुती कॉर्ड शाबूत असेल तर मळकी असली तरी राहू द्या.

फोन हँडल फिरवायचा, लाकडी पेटीचा असेल तर गोष्ट निराळी. ते मॅग्नेटो सेट, हँडल फिरवून घंटीची वीज तयार करणारे. हँडल फिरवताना तारेची टोकं हातात धरू नका, चांगला झटका बसतो. लाकडासाठी मी बाजारातलं व्हार्निश कधी वापरत नाही. मिरजेला तंबोरे-सतारी करणारे कारागीर चपड्याचं पॉलिश करतात, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख), कापडाच्या बोळ्यानं थरावर थर. पहिली पेटी मी एका कारागिराकडं घेऊन गेलो, त्यांनी माझ्याकडूनच बोळा फिरवून घेतला आणि मनगट कुठं थांबवायचं नाही ते शिकवलं. थांबलं की तिथं डाग. असे दोन मॅग्नेटो सेट मिळाले तर प्रत्येकाला दीड व्होल्टचे दोन सेल लावून दोन खोल्यांत जोडा. एक्स्चेंजशिवाय बोलता येतं.

आजच्या लाइनवर काय होतं? फायबर इंटरनेटच्या डब्याला फोनचं तोंड असतं. त्यावर हा फोन लावला तर येणारा कॉल वाजतो, बोलताही येतं. नंबर लावता येईलच असं नाही, कारण बरेच डबे फक्त बटणाच्या फोनचे सूर ओळखतात, डायलचे ठोके ओळखत नाहीत. त्यासाठी ठोक्यांचे सूर करणारं छोटं सर्किट मध्ये लावावं लागतं, किंवा डायल ओळखणारा अडॅप्टर घ्यावा लागतो. हे सर्किट फोनच्या आत कोंबू नका, बाहेर रोझेटजवळ, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीजवळ, ठेवा. एका डब्यावर असे तीन-चार फोन एकदम लावले तर घंटीला जोर पुरत नाही.

किमतीचं एवढंच सांगतो. काळे आयटीआय सेट अजून बऱ्यापैकी मिळतात, त्यांना फार मोठी किंमत येत नाही. ब्रिटिश ३०० मालिकेतले रंगीत, त्यातही हिरवे, खरोखर महाग. पण ऑनलाइन मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत मोठं अंतर असतं, तिकडं बघून ठरवू नका.

आता तुमच्या फोनकडं परत येतो. डायलच्या मधोमध पारदर्शक चकतीखाली एक गोल कागद असेल. त्यावर बहुधा शाईनं दोन किंवा तीन आकडी नंबर लिहिलेला असतो, पेढीचा. ती चकती खूप ठिसूळ झालेली असते. नखानं उचकटू नका, आणि कागद पिवळा पडलाय म्हणून नवा छापून घालू नका. आधी मोबाइलचा उजेड तिरपा धरून फोटो घ्या, पुसट शाई अशा उजेडात उठून दिसते. मग आजोबांच्या पेढीची जुनी बिलं किंवा पत्राचे कोरे कागद घरात कुठं राहिलेत का बघा. त्यांच्या माथ्यावर फोन नंबर छापलेला असायचा. दोन्ही आकडे जुळले तर फोन आजोबांचाच, आणि बिलावरची तारीख हे तुमच्या हाती आलेलं सगळ्यांत पक्कं साल.